निरोप माझा, बॅगा तुमच्या

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष आणि या कार्यालयाचे प्रमुख साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख मॅडम, सगळी धावपळ एकटीने करून आता दाराशी खांबाला टेकून उभ्या असलेल्या त्याच विभागातल्या आमच्या नव्या मॅडम, समोर बसलेले अभियंते, विश्लेषक, व्यवस्थापक, मागे भिंतीला पाठ लावून उभे असलेले माझे पहारेकरी, सफाईवाले आणि लिफ्टवाले सोबती, आणि पहिल्या रांगेत माझ्या घरच्यांसाठी राखलेल्या खुर्च्यांवर बसलेली माझी माणसं, तुम्हा सर्वांना माझा हात जोडून नमस्कार.

मागपर्यंत आवाज येतोय ना? यायलाच हवा. सकाळी हा माइक मीच जोडलाय. मधेच शिट्टी मारली तर दोष माझाच, आणि उद्यापासून तक्रार घ्यायला मी नाही.

नव्या मॅडमनी मला भाषण लिहून दिलं आहे. सुरेख आहे. त्यात मी तीन वेळा 'भारावून गेलो' आहे. ते मी खिशात ठेवतो, रागावू नका. कारण थोड्या वेळापूर्वी या सभागृहात जे झालं, त्यानंतर मला ते वाचता यायचं नाही.

काय झालं? नव्या मॅडम इथे उभ्या राहिल्या आणि हसतमुखाने म्हणाल्या, "आज आपण आपल्या वीजवाल्या काकांना निरोप द्यायला जमलो आहोत." अशा वेळी टाळ्या पडतात, नाही का? मी तर हात जोडून अर्धा उठलोही होतो. पण टाळी नाही. मग टायरमधली हवा जावी तसा एक लांबलचक आवाज आला. तो तुमचा सुस्कारा होता, मंडळी. इतक्या माणसांचा एकदम. कुणी हसत सुटलं. कुणी डोळ्यांना रुमाल लावला. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ फोन घेऊन बाहेर पळाले, आणि दारातून त्यांचा आवाज इथवर आला, "अगं नाही, नाही! आपलं नाही! ते वीजवाल्या काकांचं आहे!"

अहो, माझ्या जाण्याचा इतका आनंद? आमची ही बसलीय पहिल्या रांगेत. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की 'इतकी वर्षं तुम्ही नेमकं काय केलंत हो इथे?'

हसा, हसा. मीही हसलो असतो. पण मग माझी नजर तुमच्या हातांकडे गेली. प्रत्येकाच्या मांडीवर नाहीतर खांद्याला बॅग. फुगलेली, चेन कशीबशी ओढलेली. एकीतून चपलांचा जोड डोकावतोय, दुसरीतून पोराच्या हातचं चित्र. एका साहेबांच्या मांडीवर तर माशांचं काचेचं भांडं आहे, मासे आत फिरतायत. निरोप माझा, आणि बॅगा तुमच्या भरलेल्या! मी मात्र इथे मोकळ्या हाताने उभा आहे. माझी हत्यारं अजून खालच्या खोलीत खिळ्याला लटकलेली आहेत.

माझी ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. मी शाळेत फार टिकलो नाही. घरचा पंखा जळाला, तो दुरुस्त करता करता वीज शिकलो. दोनदा झटका बसला, तिसऱ्यांदा पंखा फिरला. हे ऑफिस एका मजल्यावर होतं तेव्हा इथे लागलो. पुढे मजले वाढले, नावं बदलली, मालक बदलले. माणसं आली आणि गेली. मी राहिलो. हुशारीने राहिलो म्हणता? छे! तळघरातला माणूस कुणाच्या लक्षातच येत नाही. मला काढायचं राहून गेलं, एवढंच. तुम्ही वर बसून नेमकं काय करता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण तुम्ही ते थंड हवेत करता, आणि ती थंड हवा मी करतो, एवढं आपलं नातं.

गेल्या आठवड्यात नव्या मॅडम तळघरात आल्या. चेहरा ओशाळलेला. म्हणाल्या, "काका, तुमचं जाणं संगणकात भरायचंय, पण तो कारण विचारतोय. राजीनामा, खराब कामगिरी, पुनर्रचना आणि मृत्यू, एवढीच कारणं आहेत. निवृत्ती त्यात नाहीच. काय टाकू?" मी म्हटलं, "मृत्यू सोडून तुम्हाला आवडेल ते टाका." तेव्हा आम्ही दोघं पोट धरून हसलो. आज हसू येत नाही. एवढं मोठं ऑफिस, आणि इथून म्हातारा होऊन कुणी घरी गेलंच नाही? मी पहिला?

हो, पहिला. बाकीचे कसे गेले, ते मी पाहिलंय. कारण दरवाजे माझ्याकडे.

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी फोन आला, "काका, तुमचं दार बिघडलंय, कार्ड घेत नाही." मी पेचकस घेऊन धावलो. दाराशी एक अभियंता, अतिशय गुणी मुलगा, हातात चहाचा कप. मी यंत्र उघडलं, वायरी तपासल्या, पुसलं, फुंकलं. सगळं ठीक. माझं कार्ड लावलं, दार उघडलं. त्याचं लावलं, नाही उघडलं. मी म्हटलं, "पुन्हा लाव बघू." पुन्हा नाही. मी आपला तिसऱ्यांदा यंत्र उघडायला लागलो, तेव्हा तो हळूच म्हणाला, "राहू द्या काका. दार ठीक आहे." मग त्याने माझ्या हातातला पेचकस घेतला आणि यंत्राचं झाकण स्वतः नीट बसवून दिलं. का, ते त्यालाच ठाऊक.

त्या दिवसापासून 'दार बिघडलंय' असा फोन आला की मी पेचकस नेत नाही. स्टूल नेतो. माणसाला बसायला काहीतरी लागतं.

आणि गेल्या हिवाळ्यात काय झालं, आठवतं? त्या दारावरचा हिरवा दिवा गेला. फक्त दिवा. दार नेहमीसारखं उघडत होतं. मी येऊन बघतो तर बाहेर ही गर्दी! कार्ड लावलंय, दिवा लागला नाही, म्हणून माणसं जागच्या जागी उभी. एक बाई पायरीवर बसून घरी फोन करत होती. कुणी म्हणून दाराला हात लावला नव्हता. मी नुसतं ढकललं, तर उघडलं. तुम्ही सगळे एकमेकांकडे न बघता आत गेलात. मी तेव्हा ती गंमत म्हणून घरी सांगितली. आमची ही हसली नाही. म्हणाली, "अहो, इतकी शिकलेली माणसं, एवढे पगार, आणि दार ढकलायला घाबरतात?" मी म्हटलं, "तुला नाही कळायचं." खरं म्हणजे मलाच कळलं नव्हतं. ते आज दुपारी कळलं.

आता तेच सांगतो. ज्यांचं आहे त्यांची परवानगी घेऊन सांगतोय. त्या म्हणाल्या, "सांगा काका, आता लपवण्यासारखं काय उरलंय?"

तुम्ही त्यांना ओळखता. चौथ्या मजल्यावरच्या अंदाज विभागाच्या प्रमुख. पुढच्या तिमाहीत काय विकलं जाईल, काय पडून राहील, हे त्या आकड्यांवरून आधी सांगतात, आणि म्हणे त्यांचा अंदाज कधी चुकत नाही. मी त्यांना ताई म्हणतो. मुलीच्या वयाच्या आहेत, पण अधिकाराने ताई. थंडी वाजली की तळघरात फोन करायच्या, "काका, आज आम्हाला बर्फात पुरायचं ठरवलंय का?" मी म्हणायचो, "ताई, डोकं थंड राहिलं की अंदाज बरोबर येतात." अशी आमची थट्टामस्करी.

आज दुपारी त्या तळघरात आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या डब्याचं झाकण अजून उघडं होतं. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "काका, एखादं रिकामं खोकं मिळेल?"

मी म्हटलं, "मिळेल की. केवढं हवं?"

"टेबलावरचं सगळं मावेल एवढं."

"का हो, मजला बदलला?"

"नाही काका. मी राजीनामा दिला."

मला वाटलं, मस्करी. मी म्हटलं, "ताई, आज जायचा मान माझा. तुम्ही मधेच रांग मोडू नका."

त्यांना कळलंच नाही. "कसला मान?"

"अहो, आज माझा निरोप समारंभ. चार वाजता. निवृत्त होतोय मी. मला कुटुंबासह या, इस्त्रीचा सदरा घालून या, असं सांगितलंय."

मंडळी, मी विजेचा झटका बसलेली माणसं पाहिली आहेत. झटका बसला की माणूस ओरडत नाही, आधी नुसता बघत राहतो. ताई तशा बघत राहिल्या. मग त्यांच्या तोंडून जो प्रश्न आला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्या म्हणाल्या, "निवृत्त? इथे कुणी निवृत्त होतं?"

मी स्टूल पुढे केलं. त्या बसल्या. आणि मग एकेक उलगडत गेलं.

काल तुम्हा सगळ्यांना निरोप आला होता ना? 'सर्वांनी उद्या चार वाजता सभागृहात यावे. लॅपटॉप व आपले सामान सोबत आणावे. विषय तिथेच कळेल.' यात नव्या मॅडमचा काय दोष, सांगा. त्यांना सगळं ऑफिस एकदम समोर जमवून मला चकित करायचं होतं, म्हणून विषय लिहिला नाही. कार्यक्रम संपला की तुम्ही परत वर न जाता परस्पर घरी जावं, तेवढंच लवकर, म्हणून सामान सोबत. इतक्या मायेने लिहिलेल्या त्या तीन ओळी! पण इथे ज्यांनी चार पावसाळे काढलेत त्यांना ठाऊक आहे, मागच्या दोन्ही वेळी माणसं काढली तेव्हा अशाच तीन ओळी आल्या होत्या. दुधाने तोंड पोळलेली माणसं तुम्ही. ताक बघूनही दचकलात.

ताई तर अंदाजवाल्या. त्यांनी खुणा जुळवल्या. प्रवेशाशी खोक्यांची थप्पी आलेली. म्हणजे सामान भरायला. अहो, ते तुमच्या नाश्त्याचे पुडे आहेत! दोन जादा पहारेकरी उभे. म्हणजे माणसांना बाहेर नेऊन सोडायला. अहो, ते पाहुण्यांच्या गाड्या लावायला बोलावलेत! प्रमुख साहेब सकाळपासून केबिनचं दार लावून बसलेले, कुणाशी बोलले नाहीत. म्हणजे पक्कंच. एकेक खूण खरी, आणि बेरीज साफ खोटी.

मी विचारलं, "पण ताई, बोलावणं आलं म्हणून काय झालं? काढतील तेव्हा काढतील. आधीच राजीनामा कशाला?"

त्या म्हणाल्या, "आईच्या खुब्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, काका. कंपनीच्या विम्यावर. मला काढलं तर विमा आजच बंद. मी आपण होऊन गेले तर नोटिशीचे तीन महिने चालू राहतो. माझं टेबल मोक्याचं, म्हणून कार्ड मात्र लगेच बंद होतं. जाणारच आहे, तर निदान आईचा पाय तरी पदरात पाडून घ्यावा."

मी म्हटलं, "अहो, पण तुम्हाला पगार एवढा…" तेवढ्यावर थांबलो. पण त्यांना कळलं. त्या रागावल्या नाहीत. "काका, पगार मोठा म्हणून घर मोठं. घर मोठं म्हणून हप्ता मोठा. मुलीची शाळा, आईची औषधं, सगळं एकाच खिळ्याला टांगलंय. तुम्हाला वाटतं खिळा सोन्याचा आहे. असेल. भिंतीत किती रुतलाय, ते मला ठाऊक नाही."

आणि मग मी तो साधा प्रश्न विचारला, जो घरी गेल्यावर तुमच्या आया, बायका, नवरे तुम्हाला विचारणार आहेत. मी म्हटलं, "ताई, फोन उचलून कुणाला तरी विचारायचं ना, की काय हो, कसली सभा आहे? एवढंच!"

त्या म्हणाल्या, "विचारलं की लक्षात राहतं, कुणी विचारलं ते."

ऐकलंत? इतकी डोकी या इमारतीत. एकेक डोकं असं, की ज्याच्या भरवशावर परमुलखातली दुकानं चालतात. आणि एकानेही विचारलं नाही. साप साप म्हणून सगळ्यांनी भुई धोपटली, आणि तीही आपापल्या खोलीत, दार लावून, एकेकट्याने.

आम्ही दोघं तसेच उठलो. ताईंनी फोनवरूनच राजीनामा मागे घेण्याचा अर्ज पाठवला. ऑफिस सुटेपर्यंत तो मागे घेता येतो, फक्त प्रमुख साहेबांचा होकार लागतो. आणि मी इकडे उपाहारगृहात गेलो. म्हटलं, आधी बाकीच्यांना सांगू, आणखी कुणी विहिरीत उडी मारायला नको. मोठ्याने सांगितलं, "मंडळी, घाबरू नका, चारची सभा माझ्या निरोपाची आहे!"

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही काय केलंत. तुम्ही माझ्याकडे दयेने पाहिलंत. एक व्यवस्थापक उठून आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "काका, तुम्हाला तसं सांगितलंय त्यांनी." म्हणजे खुद्द माझा निरोप समारंभ, आणि मलाच फसवून आणलंय, असं तुम्हाला वाटलं! दुसरे म्हणाले, "बिचारे. काकांनाही सोडलं नाही." खरं सांगतो, दोन मिनिटं मलाही वाटलं, असेल बाबा. मी जिन्यात जाऊन माझं कार्ड दाराला लावून बघितलं. मी! ज्याने ते यंत्र बसवलं, त्याने!

तेव्हा मला कळलं, ती थंडी मी करत नव्हतो.

असो. पाणी… धन्यवाद.

तर ताईंचं कार्ड दुपारीच बंद झालं. राजीनामा नोंदवला गेला की यंत्राला दया नसते, ते आपलं काम चोख करतं. नोटिशीचे महिने कागदावर, दारापुरत्या त्या आता या ऑफिसच्या कुणी नाहीत. मग त्या या सभागृहात कशा? नियमानेच. निवृत्त होणाऱ्याला घरची माणसं आणायची मुभा आहे. पहाऱ्यावर नोंद झाली, 'वीजवाल्यांच्या घरच्या.' छातीवर पाहुण्याची कागदी चिठ्ठी चिकटवून त्या पहिल्या रांगेत, आमच्या हिच्या शेजारी बसल्या आहेत. आमच्या हिने त्यांचा हात धरलाय. कधीपासून धरलाय, सोडत नाही. आणि मांडीवर ते खोकं. मीच दिलेलं.

अर्जाला अजून उत्तर नाही.

अध्यक्ष महोदय, आता तुमच्याकडे येतो. सत्काराच्या प्रसंगी सत्कारमूर्तीने काही मागू नये, ही रीत मला ठाऊक आहे. आज ती मोडतो. तुम्ही मला हे घड्याळ दिलंत. छान आहे. ते परत घ्या आणि त्याऐवजी तो अर्ज वाचा. तो दुपारपासून तुमच्याकडे पडून आहे. ऑफिस सुटायला आता फार वेळ नाही. तुम्ही तो अडवून ठेवला असं मी मुळीच म्हणत नाही. तुम्ही तो पाहिलेलाच नाही, हे मला माहीत आहे. का पाहिला नाही, हेही मला माहीत आहे. पण ते माझ्या तोंडून निघणार नाही. समारंभ सुरू होता होता माइकची वायर सैल झाली, म्हणून मी या टेबलाच्या झालरीखाली वाकलो होतो. वायर जोडणाऱ्याने वायर बघावी, आजूबाजूचं बघू नये. आयुष्यभर ते पाळलं, आजही पाळतो. एवढंच म्हणतो साहेब, तुम्हीही घाबरू नका. आजचा निरोप फक्त माझा आहे.

…

साहेब? अहो, मी तसं म्हटलं नव्हतं. राहू द्या, फोनवरूनही होतं म्हणे…

मागच्या मंडळींना दिसत नसेल, म्हणून सांगतो. साहेब खाली वाकलेत. झालरीखालून त्यांनी एक बॅग काढली. काळी, मोठी. टेबलावर ठेवली. सगळ्यांसमोर. चेन उघडतायत. वर मुलांच्या फोटोची चौकट. ती बाजूला ठेवली. कपात लावलेलं एक रोपटं, माती सांडू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. त्यांच्या केबिनच्या खिडकीतलं आहे ते, मी ओळखतो. आणि आता तळातून लॅपटॉप.

मंडळी, शांत राहा. कुणी हसू नका. कुणी कुजबुजू नका.

साहेब, तुम्हीसुद्धा? तुम्हालाही त्याच तीन ओळी, आणि अध्यक्ष आपण हे इथे आल्यावर कळलं? तुम्ही या इमारतीचे प्रमुख. आम्ही सगळे सकाळपासून तुमच्या बंद दाराकडे बघून घाबरलो होतो, आणि तुम्ही दाराआड रोपटं गुंडाळत होतात? मग घाबरवत होतं तरी कोण हो? खालच्याला वाटलं वरचा, वरच्याला वाटलं त्याच्याही वरचा. मी या इमारतीच्या सगळ्या वायरी ओळखतो. प्रत्येक वायर कुठून तरी येते. या भीतीची वायर कुठून येते, ते मला इतक्या वर्षांत सापडलं नाही.

लॅपटॉप सुरू होतोय. दुपारपासून बंद होता. थांबू या. घाई नाही.

साहेबांनी मान हलवली. हो म्हणून हलवली.

…

हा आवाज तुम्ही सगळ्यांनी ऐकलात? पहिल्या रांगेत एक फोन वाजला. एकच, साधा निरोप आल्याचा 'टिंग.' मी इथून उंचावरून बघतोय, आणि जे बघितलं ते माझ्या अंगावर आलं. एक फोन वाजला आणि सभागृहातला एकूण एक हात आपापल्या खिशाकडे गेला. एकूण एक! मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख मॅडमचासुद्धा. घाबरू नका हो. तुमचा नाही. ताईंचा आहे.

ताई, बघा काय आलंय ते.

त्या बघत नाहीयेत. फोन खोक्यावर पालथा घातलाय. बरं, अगं, तू बघ. चष्मा लाव आणि मोठ्याने वाच. माइक नको, तुझा आवाज माइकशिवायही तिसऱ्या मजल्यावर जातो.

काय? पुन्हा वाच.

"राजीनामा मागे घेतल्याची नोंद करण्यात आली आहे. सेवा खंडित झालेली नाही."

वाजवा, आता वाजवा टाळ्या! मघाच्या राहिलेल्याही वाजवा.

साहेब, तुमचे उपकार. हे घड्याळ आता मी घेत नाही, शब्द म्हणजे शब्द. ते केबिनमध्ये लावा, रोपट्याच्या शेजारी. आणि रोपटं आजच्या आज खिडकीत ठेवा, त्याला ऊन लागतं.

आता माझं शेवटचं काम. हे माझं कार्ड. या ऑफिसात आजवर कुणीही कार्ड हाताने परत केलेलं नाही. ते दारातच मरायचं, आणि ज्याचं कार्ड त्याला सगळ्यांत शेवटी कळायचं. माझं अजून जिवंत आहे. नव्या मॅडम, पुढे या, हात पुढे करा. रडू नका. तुमची चूक एवढीच, की तुम्ही इथे नव्या आहात आणि तुम्हाला अजून भीती वाटत नाही. ती शिकू नका. आणि त्या संगणकात पाचवं कारण घाला, 'निवृत्ती'. घातलंत, तर निदान कुणाला वाटेल की तसंही होऊ शकतं.

आता आवरतं घेतो, नाश्ता गार होतोय. नाश्त्याच्या खोक्यांत नाश्ताच आहे, मी स्वतः उघडून पाहिलंय.

ज्यांनी हा समारंभ घडवला त्यांचे, अध्यक्षांचे, मंचावरच्या सगळ्यांचे आणि माझ्या तळघरातल्या सोबत्यांचे मनापासून आभार. आमच्या हिचे आभार घरी मानीन, इथे मानले तर ती म्हणेल, लोकांसमोर बरं सुचतं. मी शिकलेला माणूस नाही. बोलण्यात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, कुणाचं झाकलेलं नको तितकं उघडं पडलं असेल, तर म्हाताऱ्याच्या तोंडचं म्हणून पोटात घाला.

एक विनंती करून खाली बसतो. तुमच्या नोकऱ्या आज शाबूत आहेत. उद्याचं मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. पण आजच्या पुरतं, मंडळी, त्या बॅगा खाली ठेवा. मांडीवरच्या, खांद्यावरच्या, सगळ्या. ते मासे टेबलावर ठेवा, दमले असतील. ताई, तुम्हीही. खोकं खाली ठेवा. अगं, घे त्यांच्या हातातून.

सोडत नाहीत?

आणि तुम्ही? एकानेही नाही?

बरं. राहू द्या. जोर करू नका. चला, चहा घ्या सगळे. एका हाताने घ्या.

नमस्कार.